प्रसारणाच्या लिनक्स संगणकासाठी आल्सा, जॅक की पाइपवायर? आणि दर सात मिनिटांनी येणारी तडतड

रातराणी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एका लहान रेडिओ केंद्राची तांत्रिक बाजू मी सांभाळते. शिक्षणाने तंत्रज्ञ नाही. कार्यक्रम करता करता हे काम अंगावर आलं आणि आता त्यात जीव गुंतलाय. म्हणूनच थोडं सविस्तर लिहिते.

आमची मांडणी अशी. स्टुडिओत यूएसबी असलेला मिक्सर आहे आणि तो लिनक्स संगणकाला जोडलाय. संगणक तीन कामं करतो. रात्रभर गाणी आणि आधी मुद्रित केलेले कार्यक्रम वाजवणारी स्वयंचलित प्रणाली त्याच्यावर चालते, तिचा आवाज यूएसबीने मिक्सरच्या एका फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) येतो. इंटरनेटच्या श्रोत्यांसाठी एन्कोडर (आवाजाचा इंटरनेटजोगा प्रवाह बनवणारा प्रोग्राम) आइसकास्ट या प्रवाह वाटणाऱ्या सर्व्हरला प्रवाह पाठवतो. आणि मिक्सरचा मुख्य आवाज यूएसबीने परत संगणकात येऊन, लिमिटरमधून, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणाऱ्या प्रक्रियेतून जाऊन, मदरबोर्डवरच्या साउंड कार्डातून ट्रान्समीटरकडे जातो. हे शेवटचं काम एका ओळीची स्क्रिप्ट करते: ए-रेकॉर्डचा (आवाज आत घेणारा प्रोग्राम) आवाज सॉक्समध्ये (आवाजावर प्रक्रिया करणारा) ओतायचा, सॉक्सचा ए-प्लेमध्ये (बाहेर वाजवणारा). बाकी डेस्कटॉपवर लिनक्स वितरणासोबत आलेलं पाइपवायर आहे, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचा आवाज कार्डापर्यंत नेणारी ध्वनिप्रणाली.

तक्रारी तीन:

दर सात-आठ मिनिटांनी ट्रान्समीटरच्या आवाजात एक बारीक तडतड येते. इंटरनेटच्या प्रवाहात ती नसते.

गेल्या आठवड्यात रात्रीच्या शांत कार्यक्रमात डेस्कटॉपची 'टिंग' अशी सूचना ऑन एअर गेली. निवेदिकेला फार वाईट वाटलं, आणि मलाही.

वीज गेली, आली, संगणक आपोआप सुरू झाला, पण ट्रान्समीटर मुका. स्क्रिप्टमध्ये लिहिलेला कार्डाचा क्रमांक बदलला होता. कोणाच्या लक्षात येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

मला आता सगळं नीट बसवायचंय. नेमकं काय निवडावं? आल्सा, पल्सऑडिओ, जॅक, पाइपवायर या प्रत्येकाची बाजू घेणारे लेख वाचून डोकं भणभणलंय.

---

खुंटी | सोमवार, रात्री ११:५८

रातराणी, मांडणी इतकी स्पष्ट लिहिलीत म्हणून आभार. मी पाइपवायरच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. आमच्या स्टुडिओत दोन वर्षं तेच आहे.

तुमचा गोंधळ मात्र साहजिक आहे, कारण ही नावं एका रांगेतली नाहीतच. आल्सा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच बसलेली आहे आणि साउंड कार्डाशी तीच बोलते. २.६ कर्नलपासून तिने ओएसएस या जुन्या ध्वनिप्रणालीची जागा घेतली. तिच्या वरच्या मजल्यावर पल्सऑडिओ आलं, ते घरगुती वापरासाठी: ब्राउझर, व्हिडिओ, फोन कॉल सगळं एका कार्डावर मिसळायला. जॅक त्याच मजल्यावर, पण संगीत आणि स्टुडिओच्या कामासाठी. मग विम टायमन्स यांनी पाइपवायर सुरू केलं आणि दोघांची कामं एका छताखाली आणली. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३४व्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली, ते आवाजासाठी मूळ पर्याय झालं आणि १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली.

म्हणजे आल्सा तुम्ही निवडा न निवडा, ती असतेच. प्रश्न एवढाच की तिच्यावर कोणाला बसवायचं, की कोणालाच नाही.

माझा सल्ला: सगळं पाइपवायरवर आणा. ती स्क्रिप्ट काढून टाका. कार्डाला 'प्रो ऑडिओ' प्रोफाइल द्या, सॅम्पल दर (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) ४८००० वर ठेवा, क्वांटम (एका वेळी हाताळायची सॅम्पल) १०२४. रेडिओला तेवढं पुरतं. १०२४ भागिले ४८००० म्हणजे २१.३ मिलिसेकंद.

---

षड्ज | मंगळवार, सकाळी ६:१५

खुंटी यांनी मजले छान समजावले. पण उपाय सांगायची थोडी घाई झाली असं मला वाटतं. रातराणींच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, आणि त्यातली एकही 'चुकीची ध्वनिप्रणाली निवडली' म्हणून आलेली नाही.

तिसरी तक्रार सर्वांत सोपी, म्हणून आधी तीच. स्क्रिप्टमध्ये एचडब्ल्यू:१ किंवा एचडब्ल्यू:० असं काही, म्हणजे आल्साच्या भाषेत थेट कार्डाचा पत्ता, लिहिलं असेल. हे क्रमांक कर्नलला कार्डं ज्या क्रमाने सापडतात तसे पडतात. मॉनिटरचा एचडीएमआय आवाजसुद्धा त्यात एक कार्ड म्हणून मोजला जातो. आज यूएसबी आधी दिसलं, उद्या एचडीएमआय. त्यामुळे क्रमांक कधीच लिहू नये, कार्डाचं नाव लिहावं. प्रॉक फोल्डरातल्या असाउंडमध्ये कार्ड्स नावाची फाइल उघडा, चौकटी कंसात प्रत्येक कार्डाचं छोटं नाव दिसेल. एचडब्ल्यू, मग कोलन, मग कार्ड बरोबर ते नाव, असं लिहिलं की क्रम कितीही बदलला तरी बिघडत नाही. एकाच बनावटीची दोन यूएसबी कार्डं असतील तर मात्र नावसुद्धा दगा देतं, कारण दुसऱ्याला शेपटीला _१ लागतं आणि दुसरा कोण ते पुन्हा क्रमावरच ठरतं. तिथे यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहून कार्डाला त्याच्या यूएसबी खाचेवरून नाव द्यावं.

'टिंग' का गेली? तुमची स्क्रिप्ट मदरबोर्डचं कार्ड थेट एचडब्ल्यूने धरून बसते. एचडब्ल्यूने उघडलेलं कार्ड साधारणपणे दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून पाइपवायरकडे बाहेर जायला एकच वाट उरली, मिक्सरची यूएसबी. आणि ती यूएसबी तुमच्या स्वयंचलित प्रणालीच्या फेडरवर येते, जो रात्री उघडाच असतो. डेस्कटॉपने त्याचं काम इमानाने केलं. त्याच्यासमोर दुसरं दार नव्हतं.

तडतडीबद्दल लंबक यांनी लिहावं अशी विनंती.

---

लंबक | मंगळवार, सकाळी ९:०२

लिहितो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

रातराणी, तुम्ही 'दर सात-आठ मिनिटांनी' असं लिहिलंत तिथेच माझे डोळे थांबले. अवेळी, कशीही येणारी तडतड असेल तर मी प्रोसेसर, प्राधान्य, यूएसबीची केबल हे पाहीन. ठरावीक अंतराने येणारी तडतड असेल तर आधी घड्याळं पाहीन.

प्रत्येक साउंड कार्डावर स्वतःचा स्फटिक असतो, तेच त्याचं घड्याळ. दोन्ही कार्डं '४८०००' म्हणतात, पण एकाचे ४८००० दुसऱ्याच्या ४८००० इतके नेमके नसतात. दहा लाखांत पन्नासाचा, म्हणजे ५० पीपीएमचा फरक अगदी सर्वसाधारण. ४८००० चे ५० पीपीएम म्हणजे सेकंदाला २.४ सॅम्पल. तुमचं मदरबोर्डचं कार्ड मिक्सरपेक्षा तेवढं वेगाने चालत असेल, तर ते दर सेकंदाला २.४ सॅम्पल जास्त मागतं आणि मिक्सर देऊ शकत नाही. बफरमधली (आवाज तात्पुरता साठवायच्या जागेतली) शिल्लक हळूहळू आटते. १०२४ सॅम्पलची शिल्लक असेल तर ती ४२७ सेकंदांत संपते. सात मिनिटं आणि वर सात सेकंद.

तीन गोष्टी करून इथे कळवा.

स्क्रिप्टमधला पिरियड (एका वेळी हलवला जाणारा तुकडा) आणि बफर किती आहे?

ए-प्ले जे संदेश छापतं ते एका फाइलमध्ये वेळेसकट साठवा. 'अंडररन' (बफर रिकामा पडला) असा शब्द दिसतो का, किती अंतराने?

प्रसारण बंद असताना मिक्सरमधून १००० हर्ट्झचा सलग सूर सोडा आणि ट्रान्समीटरकडच्या तारेवर हेडफोनने ऐका. बोलण्यात आणि गाण्यात तडतड लपते. शुद्ध सुरात एक सॅम्पल जरी गळलं तरी कान टवकारतात.

---

रातराणी | बुधवार, पहाटे १:२०

लंबक, सुरावर ऐकलं. तडतड इतकी स्पष्ट होती की आजवर आम्ही ती श्रोत्यांना ऐकवत होतो याचं वाईट वाटलं.

पिरियड १०२४, बफर २०४८. विलंब कमी राहावा म्हणून मीच लहान ठेवला होता, कारण निवेदक ट्रान्समीटरवरून परत आलेला आवाज हेडफोनवर ऐकतात.

नोंदीत 'अंडररन' आहे, आणि प्रत्येक ओळीत 'कमीत कमी इतके मिलिसेकंद' असा आकडा. संध्याकाळी अंतर सात मिनिटांच्या आसपास. पहाटे खोली थंड असते तेव्हा आठच्या जवळ जातं. या सगळ्या वेळात प्रोसेसर जेमतेम सहा टक्के वापरात होता. मी उगाचच नवा संगणक मागायच्या तयारीत होते.

---

लंबक | बुधवार, सकाळी ८:४५

थंडीत अंतर बदलतं ही नोंद लाखमोलाची आहे. स्फटिकाची गती तापमानाबरोबर किंचित सरकते, आणि दोन स्फटिक सारखे सरकत नाहीत. प्रोसेसरचा दोष असता तर खोलीच्या हवेशी त्याचं असं नातं दिसलं नसतं.

आता उपाय. दोन घड्याळांमध्ये पूल बांधायचा असेल तर मध्ये कोणीतरी सतत मोजून आवाज अगदी किंचित ताणत किंवा आवळत राहावं लागतं. आल्सासोबत येणारं आल्सालूप हे करू शकतं. जॅकच्या जगात फॉन्स अॅड्रियान्सेन यांचं झीटा-एजेब्रिज आहे, त्याचा दर्जा मला सर्वांत आवडतो. पाइपवायर एका कार्डाला मुख्य मानून बाकीच्यांना त्याच्यामागे चालवतं आणि हे काम स्वतःच करतं. म्हणजे खुंटींच्या सल्ल्याने तुमची तडतड नक्की थांबली असती.

पण मी विचारीन: पूल लागतोच कशाला? एका कार्डातून आत आणि त्याच कार्डातून बाहेर, म्हणजे एकच स्फटिक. जो फरक मुळात नाही तो भरून काढावाच लागत नाही.

---

नवश्रोता | बुधवार, सकाळी १०:३०

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक बाळबोध प्रश्न: बफर मोठा केला तर काम भागणार नाही का?

---

लंबक | बुधवार, सकाळी १०:५२

बाळबोध नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मोठ्या बफरने तडतड लांबते, जात नाही. अर्धा सेकंद म्हणजे २४००० सॅम्पल ठेवले तर २.४ च्या हिशेबाने पावणेतीन तासांनी एकदा. तासाला ८६४० सॅम्पलची तूट, म्हणजे १८० मिलिसेकंद. बारा तास चालणाऱ्या केंद्राला ती कधी ना कधी गाठतेच, आणि मग तपासणाऱ्याला ती कधी आली तेही सापडत नाही. उलट दिशेचा फरक असता, म्हणजे मिक्सर वेगाने चालला असता, तर ए-रेकॉर्डच्या बाजूला ओव्हररन (बफर ओसंडणं) आला असता. आजार तोच.

---

तारजोड | बुधवार, दुपारी २:१०

मी सॉफ्टवेअरवाला नाही, तारा आणि प्लग-पट्ट्यांचा माणूस. माझ्या बाजूने एक सांगतो, ते या धाग्यात अजून आलं नाही.

दोन घड्याळांच्या मधला सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा पूल म्हणजे साधी अॅनालॉग तार. विद्युतदाबाला सॅम्पल ठाऊक नाहीत. एका कार्डातून अॅनालॉग बाहेर काढा, मिक्सरच्या एका लाइन इनपुटला घाला, दोन्ही घड्याळं आपापल्या गतीने चालू द्या, काहीही तडतडणार नाही.

त्यावरून माझी सूचना. ब्राउझर, पाहुण्यांचे इंटरनेट कॉल, सूचनांचे आवाज हे सगळं मदरबोर्डच्या कार्डावर टाका. त्याचा अॅनालॉग आवाज मिक्सरच्या स्वतंत्र फेडरवर घ्या. पाहुणा बोलायचा असेल तेव्हाच तो फेडर उघडायचा. रात्री तो खाली, म्हणजे 'टिंग' झाली तरी ती स्टुडिओतच विरून जाते. त्या तारेत हम (सलग गुणगुण) आला तर घाबरू नका, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. संगणक आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचा तो खेळ असतो.

परतीच्या तारेला पाहुण्यासाठी मिक्स-मायनस द्यायला विसरू नका. मिक्सरच्या ऑक्झिलरी सेंडवर (वेगळं मिश्रण बाहेर काढायच्या वाटेवर) सगळ्यांचे आवाज चढवायचे, फक्त पाहुण्याचा स्वतःचा सोडून. नाहीतर त्याला आपलंच बोलणं उशिराने ऐकू येतं आणि तो अडखळायला लागतो. चांगल्या मुलाखती यामुळे विस्कटलेल्या मी पाहिल्यात. बोलणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास जातो, आणि तो सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

ट्रान्समीटरकडे जाणारी तार कुठली आहे? मदरबोर्डच्या हिरव्या खाचेतून लांबवर असंतुलित (बाहेरची गडबड सहज पकडणारी) तार नेली असेल तर तेही बदलायला हवं.

---

रातराणी | गुरुवार, रात्री १०:०५

तारजोड, हो, हिरव्या खाचेतूनच नेली आहे. तुम्ही म्हणताय ते सगळं माझ्या केंद्रात आहे.

आज बैठकीत बोलले. चार इनपुट, चार आउटपुट असलेलं, संतुलित जोडण्यांचं यूएसबी कार्ड मिळतंय. यूएसबी ऑडिओ क्लासच्या नियमांनुसार चालणारं आहे, त्यामुळे लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागणार नाही. मिक्सरची यूएसबी आता वापरायची नाही असं ठरवतेय. मिक्सरचा मुख्य आवाज अॅनालॉग तारेने नव्या कार्डाच्या १-२ इनपुटला. लिमिटरनंतर १-२ आउटपुटने ट्रान्समीटरला. स्वयंचलित प्रणाली ३-४ आउटपुटने मिक्सरच्या फेडरवर. एकच कार्ड, एकच घड्याळ. मदरबोर्डचं कार्ड तारजोड म्हणतात तसं पाहुण्यांसाठी.

आता मूळ प्रश्नावर परत येते. नव्या कार्डावर कोणाला बसवू?

---

खुंटी | गुरुवार, रात्री १०:४०

ही मांडणी सुंदर झाली. मी पाइपवायरच म्हणेन, पण आता कारणांसकट आणि अटींसकट.

कारण: दोन्ही कार्डं एकाच ठिकाणी दिसतात, जोडण्या क्यूपीडब्ल्यूग्राफमध्ये डोळ्यांनी पाहता येतात, आणि पीडब्ल्यू-टॉपमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा क्वांटम, दर आणि चुकांचा रकाना समोर असतो. त्या रकान्यातला आकडा वाढत नसेल तर मी निर्धास्त झोपतो.

अटी: वायरप्लंबर (पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) रिकामं कार्ड काही सेकंदांनी झोपवतं. मग पुढच्या आवाजाचा पहिला तुकडा गिळला जाऊ शकतो. सस्पेंडची ती मुदत शून्य करायची, म्हणजे झोपणं बंद. मदरबोर्डच्या कार्डासाठी एचडीए ड्रायव्हरचं पॉवर-सेव्हसुद्धा शून्य. आणि पाइपवायर हे लॉग-इन केलेल्या वापरकर्त्याची सेवा म्हणून चालतं. वीज जाऊन आली आणि कोणी लॉग-इनच केलं नाही तर ते उठणारच नाही. त्यासाठी लॉगिनसीटीएलने त्या वापरकर्त्याला 'लिंगर' द्यावं लागतं, म्हणजे लॉग-इन नसतानाही त्याच्या सेवा चालतात.

---

षड्ज | शुक्रवार, सकाळी ६:०५

खुंटी यांच्या अटी सगळ्यांनी उतरवून घ्याव्यात, त्या अनुभवातून आलेल्या आहेत. तरीही प्रसारणाच्या कार्डावर मी जॅक ठेवीन. माझा मुद्दा गुणवत्तेचा नाही, दोघांचा आवाज तेवढाच शुद्ध आहे.

मुद्दा मालकीचा आहे. डेस्कटॉपच्या प्रणालीचं ब्रीद असं की नवीन प्रोग्राम आला की त्याला आपणहून कुठेतरी जोडून द्यायचं, माणसाला त्रास नको. घरी हे वरदान आहे. प्रसारणाच्या तारेवर मला त्याच्या उलट हवं असतं: मी जोडलं तेवढंच जोडलेलं राहावं आणि दुसऱ्या कोणाला ही तार ठाऊकसुद्धा नसावी. ब्राउझरला जॅक दिसत नाही, सूचनांच्या घंटेला दिसत नाही. उद्या एखादा स्वयंसेवक डेस्कटॉपच्या आवाजाची पट्टी खाली ओढेल, तर ट्रान्समीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

पाइपवायरमध्येही नियम लिहून हे करता येतं. पण मग सुरक्षितता त्या नियमांवर टेकते, आणि वायरप्लंबर ०.४ वरून ०.५ झालं तेव्हा ते नियम लिहायची पद्धतच बदलली, लुआ ही भाषा गेली आणि वेगळ्या धाटणीच्या फाइली आल्या. जुने नियम वाचलेच जात नव्हते.

म्हणून: वायरप्लंबरला एकच नियम द्या, नवं कार्ड 'अक्षम'. पाइपवायर मदरबोर्डच्या कार्डासह सुखाने नांदू दे. नव्या कार्डावर जॅक: ४८०००, पिरियड ५१२, तीन पिरियड. यूएसबी कार्डांना दोनपेक्षा तीन मानवतात. विलंब ३२ मिलिसेकंद. आणि निवेदकांच्या हेडफोनला ट्रान्समीटरचा परतीचा आवाज देण्याऐवजी मिक्सरचाच आवाज द्या, म्हणजे विलंबाची काळजी मिटली आणि बफर लहान करायचा मोहही.

---

खुंटी | शुक्रवार, सकाळी ७:३०

स्वयंसेवक आणि आवाजाची पट्टी, हा मुद्दा मान्य. आमच्याकडे संगणकाला दोघेच हात लावतात, म्हणून मला ते टोचलं नसेल.

रातराणी, जॅककडे जाणार असाल तर एक सापळा सांगतो. पाइपवायर स्वतःची जॅक लायब्ररीही पुरवतं, खऱ्या जॅकच्या जागी बसणारी. काही वितरणांत तीच मुळात बसवलेली असते. मग तुम्ही खरं जॅक सुरू करता, आणि एन्कोडर मात्र मुकाट्याने पाइपवायरला जाऊन चिकटतो. दोघांनाही चूक दिसत नाही, आवाज मात्र कुठेच नाही. एलडीडी ही आज्ञा लावून पाहा की एन्कोडर कुठली लिबजॅक उचलतोय.

---

षड्ज | शुक्रवार, सकाळी ७:४८

अगदी बरोबर. आणि दुसरा सापळा: वास्तविक वेळेच्या प्राधान्यासाठी आपण लिमिट्स डॉट डी फोल्डरात ऑडिओ गटाला आरटीप्रायो (प्राधान्याची मर्यादा) आणि मेमलॉक (मेमरी राखून ठेवायची मर्यादा) देतो. ते लॉग-इन करणाऱ्यांना लागू होतं. जॅक सिस्टिमडीची (संगणक सुरू होताना सेवा उठवणाऱ्या प्रणालीची) सेवा म्हणून उठवलं तर ती फाइल वाचलीच जात नाही. लिमिट-आरटीप्रायो ९५ आणि लिमिट-मेमलॉक अमर्याद हे सेवेच्या फाइलमध्येच लिहायचं. डेस्कटॉपचं सत्र नसताना कार्ड राखून ठेवायची जॅकची विनंती अडकते, म्हणून जॅक-नो-ऑडिओ-रिझर्वेशन हा पर्यावरण-चल १ करायचा.

रिअल-टाइम कर्नल शोधत बसू नका. ५१२ च्या पिरियडला साधा कर्नल पुरतो. तसंही प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे तीच रिअल-टाइम सोय, आता ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलं आहे. प्रोसेसरचा गव्हर्नर (गती ठरवणारा भाग) 'परफॉर्मन्स'वर आणि यूएसबीचं आपोआप झोपणं बंद, एवढं करा.

---

तारजोड | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

पातळीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. आल्सामिक्सरमध्ये एफ६ दाबून नवं कार्ड निवडा, त्याला पट्ट्या असतील तर वर दाखवणारा डीबी गेन ०.०० वर आणा आणि आल्सासीटीएल स्टोअरने जपून ठेवा. संगणकातली कुठलीही पट्टी मग हलवायची नाही, आवाज मिक्सरवर सांभाळायचा. मिक्सरचा शून्य आणि कार्डाचा उणे १८ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) जुळवलात तर वर १८ डेसिबल मोकळे राहतात, हसणारा पाहुणा त्यात मावतो. युरोपीय प्रसारकांचा आर६८ हा मानदंड हाच आकडा धरतो. ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची सरासरी एकसारखी ठेवायला आर१२८ चं माप वापरा: उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक). गाणं मोठं आणि निवेदन बारीक, ही तक्रार त्याने बरीच निवळते.

आणि शांतता ओळखणारी यंत्रणा त्याच संगणकावर ठेवू नका. वेगळा जुना संगणक, त्याला साधा रेडिओ रिसीव्हर. हवेतून जे खरंच ऐकू येतं तेच तपासायचं. तुमची ती चाळीस मिनिटं त्याने वाचली असती.

---

रातराणी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. कामाचा वृत्तांत देणं माझं कर्तव्य आहे.

नवं कार्ड बसलं. षड्ज यांच्या आकड्यांनी जॅक सेवा म्हणून चालतं. लिमिटर कार्ला या प्लगइन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एन्कोडर म्हणून डार्कआइस थेट जॅकवर, लिमिटरच्या नंतरचा आवाज घेऊन. जोडण्या जॅक-कनेक्टच्या एका छोट्या स्क्रिप्टने होतात. ती प्रत्येक प्रोग्राम उठेपर्यंत थांबते आणि मगच जोडते. पहिल्या दिवशी ती थांबत नव्हती, त्यामुळे लिमिटर उठायच्या आत जोडणी फसत होती.

खुंटींचा सापळा आमच्याकडे जसाच्या तसा होता! एन्कोडर पाइपवायरची लायब्ररी उचलत होता. तुम्ही लिहिलं नसतं तर मी आठवडाभर तारा तपासत बसले असते.

१००० हर्ट्झचा सूर रात्रभर, सहा तास सोडला. दुसऱ्या टोकाला मुद्रित केला आणि सकाळी तपासला. एकही तुटक जागा नाही. जॅकच्या नोंदीत एक्सरन (अंडररन किंवा ओव्हररन) शून्य.

मग मुद्दाम भिंतीतला प्लग काढला. एकदा नव्हे, पाच वेळा, आणि दोनदा मॉनिटर बंद ठेवून. पाचही वेळा कोणी हात न लावता आवाज परत आला. स्वयंचलित प्रणाली सर्वांत शेवटी उठते, कारण तिचा माहितीसाठा आधी तपासला जातो. सरासरी ऐंशी सेकंद.

पाहुण्यांच्या फेडरवर हम आला होता, तारजोड म्हणाले होते तसाच. ट्रान्सफॉर्मरने गेला. आणि काल पहिल्यांदा मिक्स-मायनसवर दूरची मुलाखत झाली. एक आजी बोलत होत्या, सलग बावीस मिनिटं, एकदाही न अडखळता. मी काचेपलीकडून पाहत होते.

एक गोष्ट राहिली आहे. वीज आल्यावरचे ते ऐंशी सेकंद ट्रान्समीटर मुका असतो. मिक्सर लगेच जिवंत होतो, पण त्याचा आवाज संगणकातल्या लिमिटरमधूनच जातो. काय करावं?

---

तारजोड | रविवार, रात्री ९:५०

आजींचं वाचून फार बरं वाटलं.

ऐंशी सेकंदांसाठी: रिले असलेला स्टिरिओ स्विच. वीज नसलेल्या अवस्थेत तो मिक्सरचा आवाज सरळ ट्रान्समीटरला देतो. जॅक आणि लिमिटर उठल्यावर संगणक रिलेला वीज देतो आणि मग आवाज लिमिटरमार्गे जातो. संगणक पडला की रिले आपोआप मागे येतो. फक्त संगणक नुसता चालू आहे एवढ्यावर रिले धरू नका, लिमिटरमधून खरोखर आवाज बाहेर पडतोय यावर धरा. आणि त्या सरळ वाटेवर पातळी तीन-चार डेसिबलने खाली ठेवा, कारण तिथे लिमिटर नाही. ट्रान्समीटरच्या इनपुटला स्वतःचा लिमिटर असेल तर तो चालू करा.

---

षड्ज | सोमवार, सकाळी ६:१०

तारजोड यांच्याशी सहमत. फक्त एक भर. लिमिटरमधून आवाज येतो का हे तपासणारा प्रोग्राम जॅकवर लिमिटरच्या आउटपुटला जोडा, पण कार्यक्रमातल्या नैसर्गिक विरामाला तो फसू नये म्हणून मिक्सरच्या इनपुटशी तुलना करा. आत आवाज आहे आणि बाहेर नाही, तेव्हाच रिले सोडायचा.

---

रातराणी | सोमवार, रात्री ११:३०

रिले मागवला. आत-बाहेर तुलना करणारी स्क्रिप्ट आज लिहायला घेतली आहे, पूर्ण झाली की इथेच टाकते. तोवर लंबक, एक विचारायचं होतं: बाह्य कार्यक्रमासाठी उद्या डिजिटल जोडणीचा दुसरा मिक्सर आणला, तर त्याचं घड्याळ या कार्डाला कसं द्यायचं?

---

लंबक | मंगळवार, सकाळी ८:२०

कार्डाला एसपीडीआयएफ (डिजिटल आवाजाची जोडणी) किंवा वर्डक्लॉक (फक्त घड्याळाचा संकेत) इनपुट आहे का ते आधी पाहा. असेल तर कार्डाला बाहेरच्या घड्याळावर लावा. आल्सामिक्सरमध्ये 'क्लॉक सोर्स' असा पर्याय बहुधा दिसेल. मात्र लक्षात ठेवा, तो मिक्सर बंद झाला की घड्याळही जातं, आणि मग नेहमीचं प्रसारणही त्याच्यासोबत अडखळेल. रोजच्या कामाला कार्ड स्वतःच्याच घड्याळावर राहू द्या. बाह्य कार्यक्रमाला तारजोडांची अॅनालॉग तार आणा.